मिठी नदी आणि आपला पाग



विहार-पवई तलावांच्या सांडव्यातून निघून मरोळ, साकीनाका, कुर्ला असा प्रवास करीत माहीमच्या खाडीस मिळणाऱ्या मिठी नदीचे आपण कोळी लोक ऋणी आहोत. भरतीबरोबर खाडीत शिरणारी बोय, कोळंबी, चिंबोरी यांवर आपले कित्येक संसार उभे राहिले. पुढे कारखान्यांची रसायने, तबेल्यांचे शेण व वस्त्यांचे सांडपाणी तीत मिसळले आणि भरावाने पात्र आवळले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कोठे शहरास तिचे स्मरण झाले. त्याच वर्षी प्राधिकरण स्थापन झाले. गाळ उपसला, भिंती बांधल्या. परंतु भिंतीने मासळी परतत नाही. त्यास सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत यावे लागते. लंडनची थेम्स १९५७ मध्ये मृतवत् ठरली होती. सांडपाण्याची व्यवस्था सुधारल्यावर १९७४ मध्ये तीत सॅमन मासा पुन्हा सापडला.

आपल्या नदीसही तो दिवस यावा, ही आमची मागणी आहे. मात्र त्या दिवशी पाग फेकता येणारा हात घरात उरला पाहिजे. म्हणून मुलांस शाळेबरोबरच उधाण-भांगाचे ज्ञानही द्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.