नंदाखालचे चर्च आणि मराठी प्रार्थना



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी आम्ही हा विषय कळविला, तेव्हा कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी 'मराठी मंडळात चर्च कशासाठी?' असे हसत विचारले. आम्ही त्यांना नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेची आठवण दिली. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर तिकडच्या ज्या घंटा मराठी मुलुखातील देवळांत आल्या, त्यांपैकी ती एक. घंटा गेल्या, त्यांच्या नादावर प्रार्थनेला जाणारी माणसे मात्र तेथेच राहिली. त्या माणसांविषयी आज बोलावयाचे आहे.

वसई तालुक्यातील नंदाखाल हे बागायतदारांचे गाव. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. १५७३ साली येथे पवित्र आत्म्याच्या नावाने चर्च स्थापन झाले. धर्मांतरात बळ किती आणि श्रद्धा किती, हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. बळ होते, हे नाकारण्यातही अर्थ नाही. पोर्तुगीज गेल्यावर मात्र हे धर्मग्राम मोडले नाहीत. एतद्देशीय धर्मगुरूंनी ते सांभाळले. स्वखुशीने टिकलेली श्रद्धा म्हणून आम्हांस या काळाचे मोल अधिक वाटते.

उपासना चाले ती लॅटिनमध्ये. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मिस्सा अर्पण करीत, आणि बागेचे शिंपणे उरकून आलेला शेतकरी न कळणारे शब्द भक्तिभावाने ऐके. घरी परतल्यावर तो बोले सामवेदी. तिथले सामवेदी ब्राह्मणही हीच बोली बोलतात. धर्म बदलला, पण चुलीपाशी बोलावयाची भाषा बदलली नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषेतील उपासनेस वाट मोकळी केली. मुंबई हाकेच्या अंतरावर. तेथील अनेक चर्चमध्ये मिस्सा इंग्रजीत सुरू झाली. प्रतिष्ठा इंग्रजीला होती, नोकऱ्याही तिच्यातच होत्या. वसईच्या गावांनी मराठी स्वीकारली. ही प्रमाण मराठी, घरची सामवेदी नव्हे, हे खरे. तरी झावळ्यांच्या रविवारी, शुभ शुक्रवारी क्रूसवाटेच्या चौदा स्थानांपाशी, पुनरुत्थानाच्या रात्री दिवे मालवून नव्या अग्नीवर मेणबत्ती पेटविताना जे म्हणावयाचे, ते आता म्हणणाऱ्यास कळू लागले. आपण काय मागतो आहोत हे देवाबरोबर आपल्यालाही समजावे, ही काही लहान गोष्ट नव्हे. याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे सुबोध बायबल ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी अवश्य वाचावे. २०२४ साली ते निवर्तले.

जाता जाता घरची एक गोष्ट. आमची कन्या गणपतीची आरती रोमन अक्षरांत लिहून घेऊन म्हणते. यावरून आम्ही पूर्वी फार रागावत असू. पुढे कळले की, फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण', सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे, गोव्यात १६१६ साली छापले गेले तेही रोमन अक्षरांतच. तेव्हापासून आम्ही रागावणे सोडून दिले आहे. तिच्या शेजारी उभे राहून 'ळ'चा उच्चार तेवढा सुधारतो.