छंदाची मासिके आणि पुनरुक्ती
(वाचनालयाच्या शताब्दी समारंभातील भाषण)



लोधीखेड्यासारख्या लहान गावातील एका वाचकाला आपण या व्यासपीठावर बोलावलेत, याबद्दल मी ऋणी आहे. विषय साधाच घेतला आहे. छंदाची, विशेषतः छायाचित्रणाची मासिके चार-पाच वर्षे वाचली की, ‘हे तर पूर्वीच वाचले’ असे वाटू लागते. वाचनालयाला पैसा अपुरा पडला की पहिला घाव याच मासिकांच्या वर्गणीवर पडतो. तो कितपत न्याय्य आहे?

तक्रार खरी आहे. पावसाळ्यात पावसाची छायाचित्रे कशी घ्यावीत आणि दिवाळीत दिव्यांची कशी घ्यावीत, हे दरवर्षी येते. याचे कारण असे की, कॅमेऱ्याचे मूळ शास्त्र आटोपशीर आहे. ॲपर्चर, शटरचा वेग आणि फिल्मची संवेदनक्षमता यांचा मेळ कळला की पाया घातला गेला. तो बारा अंकांत सहज मावतो. तेराव्या अंकापासून मग नव्या यंत्रांची वर्णने येतात, आणि जाहिरातदारांनाही तेच हवे असते.

परंतु शाळेत दर जूनमध्ये पहिलीचा वर्ग नव्याने भरतो आणि गुरुजी तीच मुळाक्षरे गिरवून घेतात. त्याला आपण पुनरुक्ती म्हणत नाही. कीर्तनातील आख्यानही श्रोत्यांना ठाऊक असते. तरी ते जातात, कारण बुवांचे दृष्टान्त स्वतःचे असतात. दोष धडा पुन्हा देण्यात नाही. अनुभवावाचून देण्यात आहे.

एक उदाहरण देतो. भर उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवावे आणि १०० वेगाच्या फिल्मला शटर १/१२५ वर ठेवावे, हा नियम आपण असंख्य वेळा वाचला असेल. तो बरोबरच आहे. पण आमच्या सौसर भागात संत्र्याच्या बागेत भर दुपारी उभे राहा. वर ऊन तळपत असते, फळ मात्र दाट पानांच्या सावलीत असते. तेथे ॲपर्चर तीन-चार पायऱ्यांनी मोठे करावे लागते. नाही तर फळ काळे पडते. ही एक ओळ बागेत उभा राहिलेला माणूसच लिहू शकतो.

दुसरे उदाहरण पांढुर्ण्याच्या गोटमारीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात दगड चालतात आणि दरवर्षी दगड भिरकावणाऱ्या हातांचीच छायाचित्रे डोळ्यांपुढे येतात. त्याच दिवशी दारात मुलाची वाट पाहत उभ्या असलेल्या आईकडे कॅमेरा क्वचितच वळतो.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून मराठी मासिक हा आमचा भाषेशी असलेला एक धागा आहे. म्हणून अशा मासिकाची वर्गणी बंद करणे ही आम्हाला केवळ काटकसर वाटत नाही. तथापि, निव्वळ भावनेवर मासिके जगत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. अमेरिकेत १९३७ साली निघालेले ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ हे मोठे मासिकसुद्धा २०१७ मध्ये छापील रूपात बंद पडले. प्राथमिक धडा आज हातातल्या फोनवर फुकट मिळतो. तोच पुन्हा छापणाऱ्याला वाचक का पैसे देईल?

म्हणून कार्यकारी मंडळाला तीन विनंत्या करतो. प्राथमिक धड्यांचा एक उत्तम वर्षसंच बांधून नवशिक्यांसाठी कायम खुल्या कपाटात ठेवावा. जुन्या खंडांची विषयवार सूची करावी, म्हणजे आलेले काय आणि राहिलेले काय ते दिसेल. आणि शेजारी एक कोरी वही ठेवावी. नियम आपल्या गावात कोठे लागू पडला आणि कोठे पडला नाही, हे सभासदांनी तीत लिहावे. त्यातील निवडक टिपणे संपादकांकडे धाडावीत. पुनरुक्तीची तक्रार करणाऱ्या वाचकानेच एक नवी ओळ पुरवली, तर मासिकही तगेल आणि वाचनालयही केवळ घेणारे न राहता देणारे होईल.