भरतीची तयारी दातांपासून

(सैन्यभरतीची तयारी करणारे जालना जिल्ह्यातील तरुण व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. इ. स. १६०८ च्या रामनवमीला समर्थ रामदास स्वामींचा जन्म तेथे झाला. गावोगावी मारुतीची स्थापना करून तरुणांना बलोपासनेची दीक्षा देणाऱ्या समर्थांनी ‘दासबोधा’त मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत. ज्याचे दात, डोळे, नाक, हात, पाय आणि वस्त्र सदासर्वकाळ मलिन असतात, त्याचीही गणना त्यांनी मूर्खांतच केली. या यादीत पहिला मान दातांचा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच समर्थांच्या जिल्ह्यात आज पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यांवर शेकडो तरुण धावताना दिसतात. अंबड असो, भोकरदन असो वा मंठा, सोळाशे मीटरची धाव किती मिनिटांत पूर्ण होते, छाती किती फुगते, याचा हिशेब प्रत्येकाच्या तोंडी असतो. त्याच तोंडात मात्र कोणी डोकावून पाहत नाही! वर्ष-दोन वर्षे घाम गाळायचा, मैदान मारायचे, लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हायचे आणि वैद्यकीय तपासणीत लष्कराच्या डॉक्टरांनी ‘तोंड उघडा’ म्हटले की छातीत धस्स व्हायचे, असे का व्हावे?

सैनिकाला दात कशासाठी?

शत्रूशी बंदुकीने लढायचे असते, मग दातांची उठाठेव कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात ज्या काडतुसांनी ठिणगी टाकली, ती दातांनी तोडावी लागत. त्या काळी पुढचे दात हे सैनिकाच्या शस्त्रसामग्रीचाच एक भाग होते. पुढे काडतुसे बदलली, पण दातांचे महत्त्व कमी झाले नाही. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धात, सैन्याची कडक बिस्किटे चावता न आल्याने कित्येक ब्रिटिश सैनिक निकामी ठरले. १९१४ साली फ्रान्समध्ये एनच्या लढाईच्या सुमारास खुद्द सेनापती हेग यांची दाढ ठणकू लागली. ब्रिटिश फौजेबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. अखेर पॅरिसहून एकाला पाचारण करावे लागले. त्यानंतरच दंतवैद्यांना आघाडीवर पाठवण्यास प्रारंभ झाला. भारतीय सैन्याच्या दंतचिकित्सा दलाची स्थापना १ फेब्रुवारी १९४१ ची आहे.

१९८४ पासून आपले जवान सियाचिनच्या हिमशिखरांवर पहारा देत आहेत. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि किडलेल्या किंवा नीट न भरलेल्या दातात असह्य कळा उठू शकतात. तिथे ना दवाखाना, ना खुर्ची. एका दाढेपायी एक जवान चौकीवरून खाली आणावा लागला, तर त्याच्या वाट्याचा पहारा सहकाऱ्यांवर पडतो. म्हणूनच दात ही सैनिकाची खासगी बाब राहत नाही.

चौदा गुणांचे गणित

लष्कराच्या वैद्यकीय निकषांत दातांना गुण दिले जातात. पटाशीचे दात, सुळे आणि उपदाढा यांना प्रत्येकी एक गुण. मोठ्या दाढांना प्रत्येकी दोन. अक्कलदाढ पूर्ण वाढलेली असेल तर तिलाही दोन, अर्धवट असेल तर एक. मात्र हे गुण सुट्या दाताला मिळत नाहीत. वरचा दात आणि त्याला भिडणारा खालचा दात अशी जोडी मिळून ते धरले जातात. बत्तीसच्या बत्तीस दात धड असतील तर बेरीज बावीस होते. पात्रतेसाठी किमान चौदा हवेत. शिवाय प्रत्येक जबड्यात पुढच्या सहांपैकी चार आणि मागच्या दहांपैकी सहा दात सुदृढ किंवा दुरुस्त होण्याजोगे असावे लागतात. कवळी हिशेबात धरली जात नाही, आणि हिरड्यांचा पायोरिया बळावलेला असेल तर उमेदवार नाकारला जातो.

या गणिताचा अर्थ नीट समजून घ्यावा. किडलेली एक दाढ ‘काढून टाका, कटकट मिटली’ म्हणून उपटली, तर तिच्यासमोरची निरोगी दाढही गुणांपुरती वाया जाते. जी दाढ वेळेवर भरून किंवा रूट कॅनाल करून वाचली असती, तिच्यापायी जोडीचे दोन गुण जातात. म्हणून बाजारात बसून दात उपटणाऱ्याच्या हाती भरतीच्या उमेदवाराने आपला जबडा कदापि देऊ नये.

अक्कलदाढेचे भय

निसर्गाचा योगायोग असा, की अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचविसाव्या वर्षांत उगवते आणि भरतीचे वयही तेच. २०२२ साली अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस अशीच ठरली होती. जबड्यात जागा अपुरी असेल तर ही दाढ आडवी-तिरपी अडकते. तिच्यावरच्या हिरडीच्या पदरात अन्न साचते, सूज येते, ताप भरतो, तोंड उघडेनासे होते. ऐन प्रशिक्षणात हे घडले तर काय होईल, याची कल्पना करावी.

यावर दोन टोकांच्या समजुती आढळतात. दाढ काढली की दृष्टी जाते, ही पहिली. ती निखालस खोटी आहे. दातांच्या आणि दृष्टीच्या नसा वेगवेगळ्या आहेत. दाढ काढल्याने नजर अधू होत नाही. अक्कलदाढ दिसली की काढूनच टाकावी, ही दुसरी समजूत. तीही बरोबर नाही. अमेरिकी सैन्यात वर्षभरात त्रास देण्याची शक्यता असलेले दात मोहिमेपूर्वीच हाताळले जातात आणि तेथे नव्या जवानांच्या अक्कलदाढा काढणे नित्याचे आहे. उलट ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २००० साली असा दंडक घालून दिला, की निरुपद्रवी अडकलेली दाढ उगाच काढू नये. तेव्हा सरळ उगवलेली, स्वच्छ राहणारी दाढ ठेवावी. वारंवार सुजणारी, शेजारच्या दाढेला कीड लावणारी दाढ दंतशल्यचिकित्सकाकडून काढून घ्यावी. चारही अक्कलदाढा काढल्या आणि बाकीचे अठ्ठावीस दात शाबूत असले, तर गुण अठरा उरतात. भरती त्यामुळे हुकत नाही.

शस्त्रक्रियेआधी क्ष-किरण छायाचित्र काढतात, कारण खालच्या जबड्यातील नस दाढेच्या मुळांना खेटून असू शकते. जागा बधिर करून हिरडी उघडतात, प्रसंगी दाढेचे तुकडे करून ती काढतात आणि टाके घालतात. पहिला दिवस जोरात थुंकणे, चूळ भरणे वर्ज्य; काही दिवस धाव आणि व्यायाम बंद; तंबाखू-बिडी तर पूर्ण बंद, नाही तर रक्ताची गुठळी निसटून हाड उघडे पडते आणि वेदना कित्येक पटींनी वाढतात. म्हणून हे काम भरतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, काही महिने आधी उरकावे. जिल्हा रुग्णालयात प्रथम दाखवावे. गुंतागुंतीसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे.

खरा शत्रू खिशात

पण अक्कलदाढेपेक्षा मोठा शत्रू तरुणांच्या खिशात असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही पुडी मिळतेच. गुटखा आणि सुपारीने तोंडाच्या आतील त्वचा ताठ होत जाते, तोंड दोन बोटेही उघडेनासे होते, आणि पुढे कर्करोगाचे दार उघडते. घरात आई-आजी मिश्रीने दात घासत असतील, तर तीही भाजलेली तंबाखूच आहे, हे मुलांनीच त्यांना समजावून सांगावे. छत्तीस इंच छाती कमावणाऱ्या तरुणाचे पाच रुपयांच्या पुडीपुढे काही चालू नये, याहून लाजिरवाणे काय असेल?

करायचे ते फार थोडे आहे. सकाळी आणि रात्री झोपताना दात घासावेत, खाल्ल्यावर चूळ भरावी, सहा महिन्यांतून एकदा दंतवैद्याला दाखवावे. भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक केंद्राने पहिल्याच दिवशी मुलांच्या उंचीबरोबर दातांचीही नोंद करावी. पालकांनी बुटांसाठी पैसे काढून ठेवताना एका दाढेच्या उपचाराचेही ठेवावेत.

देशासाठी प्राण देण्याची भाषा सोपी असते. त्यासाठी रोजच्या लहानसहान सवयी बदलणे अवघड असते, आणि सैनिकाची शिस्त तेथूनच सुरू होते. जांबच्या समर्थांनी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेले ते मूर्खलक्षण या जिल्ह्यातल्या एकाही तरुणाला लागू पडू नये, एवढा संकल्प आज येथून उठताना प्रत्येकाने करावा.