चराईला तणसाची जोड केव्हा द्यावी?



गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की गुरे मोकळ्या बांध्यांत चरू लागतात आणि आपल्याला तणसाचा विसर पडतो. ऐन उन्हाळ्यात गुरे खंगल्यावर त्याची आठवण होते. तोवर मृग जवळ येतो आणि बैलांत नांगर ओढण्याचे बळ उरत नाही. म्हणून सायंकाळी गुरे परतताच त्यांच्या डाव्या कुशीकडे पाहावे. तेथे खोल खळगा दिसला, तर पोट भरलेले नाही असे समजून त्याच दिवसापासून तणस घालावे. तणसात प्रथिने अल्प असतात. म्हणून सोबत थोडी ढेप वा हिरवा चारा द्यावा. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही साधी खूण घरोघरी पोहोचवावी, एवढीच विनंती.