तुमची कबर रिकामी निघाली गं

आम्ही गावातल्या चर्चच्या महिला मंडळाच्या बायका. आज इस्टरविषयी बोलायचंय. ऐकणाऱ्या सगळ्याजणी काही ख्रिस्ती नाहीत, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. येशूला शुक्रवारी क्रुसावर खिळलं, संध्याकाळी खडकात खोदलेल्या कबरेत ठेवलं, आणि रविवारी पहाटे तो मरणातून उठला, असा आमचा विश्वास आहे. याला पुनरुत्थान म्हणतात. इस्टर तो हाच दिवस.

आता खरं सांगायचं, तर ही गोष्ट आम्हाला इतकी पाठ झाली होती की तिचं काही वाटेनासं झालं होतं. लहानपणी नाटकात पांढरं लुगडं गुंडाळून देवदूत झालो, मोठेपणी पहाटे उठून कबरस्तानात गाणी म्हटली, घरी येऊन मटणाचं वाटण वाटलं. मेलेला माणूस उठला, हे आम्ही बाजाराचा वार सांगावा तसं सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी पहाटेची उपासना झाली आणि आमच्यातली एक आक्का परत फिरताना म्हणाली, "तुमची कबर रिकामी निघाली गं. माझी भरलेलीच आहे." तिचा तरणा लेक त्याच हिवाळ्यात गेला होता. कोणालाच उत्तर सुचलं नाही. एकीनं घाईनं स्वर्गाचं काहीतरी सांगितलं, तर आक्का म्हणाली, "राहू दे."

मग दर गुरुवारी बसून आम्ही ती गोष्ट पुन्हा वाचायला घेतली. सावकाश, नवीन असल्यासारखी. आक्काही यायची. भिंतीला टेकून बसायची.

पहिल्यांदा डोळ्यात भरलं ते हे, की त्या पहाटे कबरेकडे गेलेल्या बायका चमत्कार बघायला गेल्याच नव्हत्या. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. शुक्रवारी सूर्य मावळला आणि शब्बाथ लागला, म्हणून प्रेताचं सगळं नीट करायचं राहून गेलं होतं. ते पुरं करायला त्या सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या. वाटेत चिंता काय, तर कबरेच्या तोंडावरची एवढी मोठी धोंड कोण सरकवणार? मयताच्या घरी आपणही असंच करतो की. रडू आत दाबून पाणी तापवलं का, कापड आणलं का, हेच विचारत असतो. तो उठेल असं त्यांच्यातल्या एकीच्याही मनात नव्हतं.

आणि कबर उघडी दिसल्यावर आनंद? छे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत गोष्ट तिथंच थांबते. बायका थरथर कापत पळाल्या आणि भीतीनं कोणाला काही बोलल्या नाहीत. आम्ही इतकी वर्षं झांजा वाजवत साजरा केलेला दिवस असा सुरू झाला होता! आम्हाला बरं वाटलं. निदान ही माणसं आपल्यासारखी तरी आहेत.

लूक सांगतो, की बायकांनी जाऊन शिष्यांना सांगितलं तेव्हा त्यांना ती बडबड वाटली. त्या काळी बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. पुढं पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात उठलेला येशू कोणाकोणाला दिसला याची यादी दिली आहे. केफा, बारा शिष्य, पाचशेहून अधिक भाऊ, याकोब. त्यात बायांचं नाव नाही. पण चारही शुभवर्तमानांत कबरेशी आधी पोचतात त्या बायाच. कोणाला पटावं म्हणून रचलेली गोष्ट असती, तर अशा साक्षीदार कोणी निवडल्या असत्या का? आम्हाला तरी तसं वाटत नाही.

पौलाच्या त्याच पत्रात बियाणाची उपमा आहे. पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते निराळंच अंग. आम्ही आक्काला म्हटलं, ज्वारीचंही तसंच नाही का? ती म्हणाली, "ज्वारी पाच दिवसांत वर येते. याला किती दिवस?" आम्हाला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

तिला धरून ठेवलं ते योहानानं लिहिलेल्या भागानं. मरीया कबरेबाहेर रडत उभी आहे. येशू समोर येतो, तरी ती ओळखत नाही, बागेचा माळी समजते. तो तिला का रडतेस म्हणून विचारतो. आक्का एकदम म्हणाली, "रडू नको असं नाही म्हटला. विचारलं नुसतं." मग तो तिला नावानं हाक मारतो आणि तिला ओळख पटते. तेवढ्याच एका हाकेनं.

आणखी एक. तो उठला तरी हातांवरचे खिळ्यांचे व्रण गेले नव्हते, थोमाला त्यानं ते दाखवले. तो भूत नव्हता, त्यानं भाजलेला मासा खाल्ला. पुढं सरोवराच्या काठावर निखाऱ्यांवर मासे आणि भाकर तयार ठेवून रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावलं. मरणातून आलेला माणूस चूल पेटवून वाट बघतो! हे आम्ही कितीदा वाचलं असेल, पण थबकलो त्या गुरुवारी.

आम्ही वाचत होतो ते पंडिता रमाबाईंचं भाषांतर. त्यांनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं, शिक्षण नसलेल्या बाईलाही कळावं म्हणून. काम चालू असतानाच १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. हे आक्काला सांगितलं, तर ती पुस्तकावर हात ठेवून म्हणाली, "तिनं ही पानं कशी लिहिली असतील?"

यंदा इस्टरच्या आदल्या दिवशी चुना कालवून आम्ही कबरी रंगवायला गेलो. आक्का आली. लेकाच्या कबरेवरचं गवत तिनंच काढलं, कोणाला हात लावू दिला नाही. पहाटे गाणं सुरू झालं तेव्हा ती गायली नाही, पण संपेपर्यंत उभी होती. घरी जाताना म्हणाली, "ते माळी समजलेलं पुन्हा वाचा गं या गुरुवारी."

वाचणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी या, कोणत्याही धर्माच्या असा. येतो आता. नमस्कार.