एक वर्ग, अनेक गती



जबलपूरच्या गोरखपूर भागात ज्यांचे जाणे-येणे झाले आहे, त्यांना शेजारचे हाऊबाग स्टेशन आठवत असेल. गोंदियाच्या मार्गावर धावणारी छोटी गाडी तेथे येत असे. तिच्या रुळांमधील अंतर अडीच फूट. मुख्य स्टेशनातील मोठ्या गाडीच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट. एका गाडीचा प्रवासी दुसरीत चढावयाचा तर त्याला बोचकी उचलून पुन्हा वेगळी गाडी गाठावी लागे. २०१५ साली जबलपूर-नैनपूर छोटी गाडी बंद झाली आणि पुढे त्या मार्गावर रुंद रूळ आले. सर्वत्र एकच माप केले आणि रेल्वेचा प्रश्न सुटला.

शाळेचा प्रश्न असा सुटत नाही. मुले एका मापाची करता येत नाहीत आणि करूही नयेत. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षक बहुधा मधल्या मुलाकडे पाहून बोलतो. पुढचा मुलगा कंटाळतो, मागचा हरवतो, आणि तास संपल्यावर आपण समाधानाने म्हणतो, "धडा झाला."

मागे पडणारा प्रत्येक मुलगा बुद्धीने मंद असतो, असेही नाही. एखाद्याला फळ्यावरचे दिसत नाही, एखाद्याला नीट ऐकू येत नाही, एखाद्याची अक्षरे डोळ्यांपुढे उलटसुलट होतात. आमच्याकडील मराठी घरांतून येणाऱ्या मुलांची अडचण तर वेगळीच. लिपी तीच, म्हणून हिंदी पुस्तक ती घडाघडा वाचतात. परंतु हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड; हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न आणि मराठीत थट्टा! मुलगा वाचतो अचूक आणि समजतो भलतेच. आपण मात्र त्याच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहून मोकळे होतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळांना कुलुपे लागली. मध्य प्रदेशात त्या वर्षी 'डिजिलेप' योजनेतून व्हॉट्सॲपच्या गटांवर धडे पाठविण्यात येऊ लागले, आकाशवाणीवरून 'रेडिओ स्कूल' ऐकू येऊ लागले. आम्हां शिक्षकांच्या हाती फोन हेच खडू आणि फोन हाच फळा आला. त्या काळातील माझीच एक चूक आज आपल्यापुढे कबूल करतो.

मी वहीत सुंदर अक्षरांत टिपणे लिहीत असे आणि त्यांची छायाचित्रे काढून सर्वांना पाठवीत असे. आपण मोठे काम करीत आहोत, असे मला वाटे. वर्गातील एक अंधुक दृष्टीचा मुलगा पंधरवडाभर काहीच उत्तर पाठवीना. मी त्याला आळशी ठरविले. अखेर त्याच्या आईचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सर, त्याचा फोन लिहिलेले वाचून दाखवतो, पण तुमची पाने आली की गप्प बसतो." तेव्हा उलगडा झाला. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी सोय टंकलिखित अक्षरे वाचते. हस्ताक्षराचे छायाचित्र तिच्या दृष्टीने केवळ चित्र असते. त्या रात्री मी तीच टिपणे टंकून पाठविली. दुसऱ्या दिवशी त्याची उत्तरे आली, आणि ती वर्गातील पहिल्या पाचांत बसण्याजोगी होती. साधन त्याच्यापाशी होते. आडवा मी आलो होतो.

या प्रसंगानंतर मी ही साधने नव्या दृष्टीने पाहू लागलो. ध्वनिमुद्रित धडा मुलाला हवा तितक्यांदा ऐकता येतो, त्याचा वेग कमी करता येतो. "सर, पुन्हा सांगा" असे चारचौघांत म्हणण्याची लाज उरत नाही. बोललेले शब्द पडद्याच्या तळाशी उमटले की कमी ऐकू येणाऱ्या मुलाला आधार मिळतो. मात्र यंत्राने उमटविलेले शब्द पुष्कळदा चुकतात, म्हणून ते तपासावे लागतात. गूगल क्लासरूमसारख्या साधनात एखादे काम सर्व वर्गाला न देता निवडक विद्यार्थ्यांनाच देता येते. अपूर्णांकात अडलेल्या पाच जणांना पोळीच्या तुकड्यांची उदाहरणे आणि पुढे गेलेल्या पाच जणांना कठीण कोडी, असे एकाच संध्याकाळी साधते. कोणाला काय मिळाले, याचा गवगवाही होत नाही.

याचा अर्थ असा नव्हे, की यंत्र आणले आणि भेद मिटला. एका घरात एक फोन आणि तीन भावंडे असली, तर दिवसाचा वर्ग कोणाच्या वाट्याला येणार? तो फोन घेऊन वडील सकाळी कामावर जातात. अशा घरासाठी धडा रात्री पाहता येईल असा असावा, आकाराने लहान असावा, आणि जमल्यास कागदावरही पोहोचावा. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आज 'सोप्या' गटात घातलेला मुलगा वर्षभर तेथेच राहिला, तर आपण त्याला मदत केली नाही, त्याच्या कपाळी शिक्का मारला. गट धड्यापुरता असावा. धडा बदलला की गटही बदलावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. नव्या प्रकारांत वाचन-लेखनाची अध्ययन-अक्षमताही आली. ज्याला आपण काल 'ढ' म्हणत होतो, त्याची अडचण आज कायदा ओळखतो. शिक्षकाने ती ओळखण्यास याहून उशीर करू नये.

आता शाळा पुन्हा भरतात, फळाही आहे आणि फोनही. मी अजून मुलांना घरी टिपणे पाठवितो. परंतु पाठविण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारतो: माझ्या वर्गातील कोणाला हे पान उघडणार नाही? त्या एका मुलासाठी बदललेले पान बहुधा उरलेल्यांनाही अधिक सोपे जाते, हा माझा अनुभव आहे. मुलाने आपल्या गाडीपर्यंत बोचके उचलून धावत यावे, अशी अपेक्षा आपण आजवर केली. यापुढे गाडीनेच त्याच्या फलाटावर यावे, एवढेच मागणे.