जीपगाडीतली थंड पेटी

मंडळी, आज आपण थंडाव्याविषयी बोलू. पण हा थंडावा सरबताचा नाही. आमच्या मंडळाच्या छोट्या जीपगाडीत बसेल अशी थंड पेटी आम्ही पुण्यात तयार केली. ती कशी केली आणि का केली, ते सांगतो.

आधी का, ते ऐका. २०२२ साली महाराष्ट्रात गुरांना लंपी रोगाची साथ आली. अंगभर गाठी उठल्या. कित्येकांच्या गोठ्यातली गाय गेली, बैल गेला. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. गुरांच्या लसी बनवणारी सरकारी संस्था आपल्या पुण्यातच औंधला आहे. माणसांच्या लसी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट मांजरीला आहे. १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे करोनाची लस तिथूनच थंड गाड्यांत भरून निघाली.

मोठी थंड गाडी डांबरी सडकेवर धावते. पण पौडच्या पुढे डोंगरातल्या एखाद्या वाडीत जायचे, तर काय? तिथे दगडधोंड्यांतून छोटी जीपच चढते. चैत्र-वैशाखात जीपचा पत्रा इतका तापतो की हात लावता येत नाही. लसीला तर २ ते ८ अंश एवढाच थंडावा लागतो. तापून खराब झालेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते, हीच मोठी अडचण. टोचली तरी गुणकारी नाही, आणि धनी मात्र निर्धास्त.

आता पेटीकडे वळू. थंडी पेटीत भरता येते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही, एवढेच आपल्या हाती असते. घोंगडी माणसाला ऊब देते ना? तीच घोंगडी बर्फाला गुंडाळली तर बर्फ लवकर वितळत नाही. बर्फवाला लादीवर लाकडाचा भुसा टाकतो आणि वर गोणपाट घालतो, तेही याचसाठी.

आम्ही आधी गाडी मापली. मागच्या दोन चाकांवर पत्र्याचे फुगवटे असतात. त्यांच्या मधे जेवढी जागा उरते, तेवढीच पेटी. बाहेरून प्लायवूड, आतून ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि दोन्हींच्या मधे तीन इंच जाड थर्मोकोल. प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळते. थर्मोकोल एक इंची घेऊन पैसे वाचवावेत, असे कोणी सांगेल. त्याचे ऐकू नका. भिंत एक इंचाची केली, तर उष्णता जवळजवळ तिप्पट आत येते. मग रोज बर्फावर खर्च होतो तो वेगळाच. थर्मोकोलला बाहेरच्या अंगाने प्लॅस्टिकचा कागद लावा, म्हणजे हवेतली ओल आत शिरत नाही. बाहेरचा खिळा किंवा स्क्रू आतल्या पत्र्याला भिडू देऊ नका. लोखंड उष्णतेला वाट करून देते.

झाकण वरूनच उघडले पाहिजे. गार हवा जड असते. हौदातल्या पाण्यासारखी ती तळाशी राहते. दार बाजूला केले, तर उघडताच सगळी सांडते. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी लावा. पेटी वरून पांढरी रंगवा. जीपच्या तळाला कड्या ठोका आणि पेटी पट्ट्यांनी घट्ट आवळा. नाहीतर खड्ड्यात गाडी आदळली की पेटी उडून कोणाच्या तरी पाठीत बसायची!

आता बर्फाचा हिशोब. एक किलो बर्फ वितळताना किती उष्णता गिळतो? एक किलो थंडगार पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापवायला जेवढी लागते, तेवढी! बर्फाचे हे बळ आहे. साधारण हातभर रुंद आणि दीड हात लांब पेटी असेल, बाहेर कडक ऊन असेल, तर दिवसाला पाच-सहा किलो बर्फ पुरतो. झाकण वरचेवर उघडले, तर जास्त लागतो.

बर्फ नको आणि यंत्र हवे असेल, तर गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा काँप्रेसर मिळतो. तो पन्नास-साठ वॅट वीज खातो. मात्र इंजिन बंद असताना तो रात्रभर चालला, तर सकाळी गाडी सुरू होणार नाही. त्याला दुसरी बॅटरी द्या, आणि तारेत फ्यूज घाला. ही सामग्री बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पाहावी. यंत्राची मागची बाजू गरम होते. तिला मोकळी हवा हवी. जुना घरगुती फ्रीज कापून हे काम करू नका. आजच्या पुष्कळ फ्रीजमधला वायू स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेतो. ते काम शिकलेल्या मिस्त्रीचे.

धक्के खात चालणाऱ्या गाडीवर थंड करणारे यंत्र बसवणे सोपे नव्हते. ते अमेरिकेत १९३८ च्या सुमारास फ्रेडरिक जोन्स या काळ्या कारागिराने जमवले. त्याची शाळा लहानपणीच सुटली होती. गॅरेजात काम करता करता पुस्तके वाचून तो यंत्रविद्या शिकला. तो १९६१ साली वारला. पुढे १९९१ साली अमेरिकेने त्याला राष्ट्रीय पदक दिले.

मूळ मुद्द्यावर येऊ. ही पेटी दुधाला, भाजीला, फुलांना चालते. गुरांची लस ठेवायची, तर जनावरांच्या डॉक्टरांना आधी पेटी दाखवा आणि ते सांगतील तसेच करा. बाळांची लस मात्र सरकारी पेटीतूनच जाते. तिथे आपली पेटी नको.

लस फार गारठली तरी बिघडते. लाळ्या-खुरकताची लस गोठली की वाया गेली. म्हणून फ्रीजरमधून काढलेल्या बर्फाच्या बाटल्या तशाच लसीला लावू नयेत. थोडा वेळ बाहेर ठेवाव्यात. बाटलीला घाम सुटला, आणि कानाशी हलवून आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, की मग पेटीत ठेवाव्यात.

पेटीत मधोमध तापमापक ठेवा. झाकणाला सुतळीने एक वही बांधा. सकाळी निघताना, दुपारी, आणि वाडीत पोहोचल्यावर आकडा लिहा. त्यापुढे वेळ लिहा. ही वही गाडीतल्या ज्याला लिहिता येते त्याच्या हाती द्या. आकडा आठच्या वर किंवा दोनच्या खाली दिसला, तर बाटली फोडण्याआधी डॉक्टरांना ती वही दाखवा.